मानसिंगरावांनी दुरुस्त केलेलं मशीन

मानसिंगराव जाधव गेले. हरणीतल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बेसणं होतं, तिथे मी गेलो होतो. बडोद्यात आम्ही मराठी माणसंही शोकसभा म्हणत नाही, बेसणंच म्हणतो. पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसलो. समोरच्या फोटोत मिशा पीळ दिलेल्या होत्या आणि नजर फोटोग्राफरवर खेकसल्यासारखी. माझ्या मागे दोघं कुजबुजत होते.

"आ तेज ने? हेच ना ते? निजामपुऱ्यात एका सुनेचा डोळा गेला, ते मशीन यांनीच रिपेअर केलेलं."

"हो. हातच राहिला नव्हता म्हणतात शेवटी शेवटी."

मी मागे वळलो नाही. फोटोला नमस्कार केला आणि घरी आलो. त्या दोघांना ही हकिगत कुणी सांगितली ते मला माहीत नाही, पण ती पहिल्यांदा जिथून निघाली ती जागा मला माहीत आहे. म्हणून हे लिहायला बसलो. त्या सुनेला, मेघनाला, आधी फोन केला. ती आता इंदूरला भावाकडे असते. नावानिशी लिहू का, असं विचारलं. ती म्हणाली, "लिहा काका. पण त्यांच्याबद्दल लिहा. माझ्याबद्दल लोक आधीच खूप बोललेत."

तर मानसिंगरावांबद्दल.

शिवणाची घरगुती मशीनं दुरुस्त करणारा माणूस म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो गरीब, मान खाली घातलेला माणूस येतो, तसे ते मुळीच नव्हते. सहा फूट उंच, आवाज खणखणीत, आणि स्कूटर आमच्या निजामपुऱ्यातल्या सोसायटीत शिरताना विनाकारण हॉर्न. पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते, ही गोष्ट त्यांनी मला भेटल्या भेटल्या सांगितली, आणि पुढे प्रत्येक भेटीत पुन्हा सांगितली. दरवेळी पणजोबांचा हुद्दा एक पायरी वर चढलेला असे. माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुम्ही दिघे म्हणजे कचेरीतले. आमच्या लोकांनी घोडे दौडवले, तुमच्या लोकांनी चंदीचा हिशेब लिहिला." मी हसत असे. मला ते फारसं आवडत नसे.

चहा दिला तर बशीत ओतून पीत आणि कपाला नावं ठेवत. पोहे पुढे केले तर शेव मागून घेत. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी सांगण्यात त्यांना काही गैर वाटत नसे. हे मुद्दाम लिहितो आहे. त्यांना संत करण्याचा माझा विचार नाही, आणि पुढे जे झालं त्यात त्यांच्या या तोंडाळपणाचा मी उपयोग करून घेतला.

कामाची पद्धत मात्र त्यांची एकट्याची होती. मशीनला ते आधी हात लावत नसत. खुर्ची ओढून बाजूला बसायचे आणि म्हणायचे, "शिवा."

"अहो, ते चालतच नाहीये म्हणून तर बोलावलं," माझी बायको सुनंदा पहिल्या वेळी म्हणाली होती.

"न चालणारंच शिवून दाखवा."

तिने चिंधी घेतली, पायाखालचं पेडल मारलं. चार बोटं शिवून झालं आणि कापडाखाली दोऱ्याचा हा एवढा गुंता. सुनंदा वैतागून बॉबिनला शिव्या घालायला लागली. मानसिंगरावांनी कापड उलटं केलं, खालचे सैल फास तिच्यापुढे धरले.

"गुंता खाली दिसतो ना? म्हणून सगळे खालच्या बॉबिनला धरतात. बिचाऱ्या बॉबिननं काही केलेलं नाही. वरचा दोरा सैल सुटलाय. तो खाली जाऊन गोंधळ घालतोय." मग दोरा काढायला लावला आणि पुन्हा ओवायला सांगितला. सुनंदाने ओवायला सुरुवात केली तसे ओरडले, "थांबा! कापड दाबणारा पाय खाली आहे. तो खाली असला की त्या दोन चकत्या मिटलेल्या असतात. दोरा मध्ये बसत नाही, नुसता वरून जातो. पाय वर उचला, मग ओवा, मग पाय खाली."

तिने तसं केलं. टाका खालून वरून सारखा पडला.

"झालं? एवढंच?" सुनंदा म्हणाली.

"एवढंच. पण आता पोहे झाल्याशिवाय जाणार नाही."

ते बघत होते ते मशीनकडे नव्हतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. ते सुनंदाच्या हातांकडे बघत होते. कापड ढकलते की ओढते, डावा हात कुठे ठेवते, पेडल एकसारखं मारते की हिसके देते. दोरा तुटला की निम्म्या वेळा हात कारण असतो, मशीन नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून ते माणसांबद्दलही बोलायला लागत, आणि तिथे त्यांचा तोल जाई.

आमच्या समोरच्या जशीबेनच्या घरचा किस्सा सगळ्या सोसायटीला पाठ होता. त्यांच्या मुलीचं मशीन दर दोन विती शिवलं की दोरा तोडत होतं. मानसिंगराव बसले, मुलीला शिवायला लावलं आणि मिशीला पीळ देत म्हणाले, "मशीन बराबर छे. बेबीनुं मन ठेकाणे नथी. हात बघा कसा थरथरतोय. कुणीतरी आहे डोक्यात." त्या वेळी मुलीची होणारी सासू सोफ्यावर बसली होती. हात थरथरत होता तो तिच्यामुळेच. सगाई मोडता मोडता राहिली. आणि दोरा? तो रिळावरच दोन उन्हाळे खिडकीत उन्हात पडून सडलेला होता, हाताने ओढला तरी तुटत होता. दुसऱ्या दिवशी मानसिंगराव नवीन रीळ घेऊन जशीबेनच्या दारात उभे. माफीचा शब्द नाही. "माझी चूक. रीळ आधी बघायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि रीळ ओट्यावर ठेवून गेले. जशीबेनने पुढे त्यांना घरात घेतलं, पण ते खुर्चीवर बसले की मुलीला आत पाठवत.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. निवृत्तीनंतर हे काम अंगावर घेतलेलं आणि त्यातला मान मला आवडायला लागलेला. आमच्या शेजारच्या डुप्लेक्समध्ये प्रधान राहत. थोरले प्रधान माझे रोजचे फिरायला जायचे सोबती. मुलगा नितीन एका कंपनीत मोठ्या जागेवर, ऑफिस अलकापुरीत. गाडीतून उतरताना मला न चुकता "केम छो काका" म्हणणारा. मेघना त्याची बायको. ती घरी ब्लाउज शिवायची आणि नवरात्रीच्या आधी चनियाचोळ्यांची कामं घ्यायची. तिच्या मशीनचा आवाज भिंतीतून आमच्याकडे येई. आणि तो आवाज मध्येच तुटायचा. कधी दोरा तुटला म्हणून थांबावा तसा, आणि कधी तसा नाही. दोन्हींतला फरक मला ऐकू येत होता. मी टीव्हीचा आवाज वाढवत असे.

मानसिंगरावांना पहिल्यांदा प्रधानांकडे मीच पाठवलं. दोरा पिंजल्यासारखा होऊन तुटतो, अशी मेघनाची तक्रार होती. त्यांनी मशीन उघडून आतलं शटल काढलं, टोकावर नख फिरवलं. तिथे खरवड होती, नखाला अडणारा चरा. सुई दोऱ्यासकट खाली येते, शटलचं टोक तो दोरा उचलून घेतं, अशी ती रचना. टोकाला खरवड असली की दोरा दरवेळी तिथे घासतो, पिंजतो आणि तुटतो. त्यांनी बारीक पॉलिश पेपरने टोक घासून गुळगुळीत केलं, सुई बदलली आणि मेघनाला सांगितलं, "कापड ओढत जाऊ नका. ओढलं की सुई वाकते, शटलवर आपटते."

"मी नाही ओढत," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," म्हणून ते निघून आले.

महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार, तीच खरवड, थोडी खोल. या वेळी त्यांनी तिला शिवायला लावलं आणि बाजूला बसून राहिले. चांगली लांब शिवण घालून होईपर्यंत बसले. जाताना आमच्या दारात उभे राहून मला म्हणाले, "दिघेसाहेब, त्या पोरीचा हात लोण्यासारखा आहे. कापडाला नुसती दिशा देते. ती ओढत नाही."

"मग?"

"मग काय ते मी पण विचार करतोय." आणि त्या दिवशी चहा न घेताच गेले.

तिसऱ्या वेळी ते प्रधानांकडून सरळ माझ्याकडे आले. आत येऊन दार लावून घेतलं. सुनंदा देवळात गेली होती. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं शटल काढून माझ्या टेबलावर ठेवलं. बदलून जुनं काढलेलं. टोक जवळजवळ मोडलेलं होतं.

"हे बघा. हे एकदा आपटून होत नाही. मशीन चालू असताना, पोरगी शिवत असताना, कुणीतरी तिच्या हातातलं कापड हिसकावतंय. पुन्हा पुन्हा. मशीनच्या डाव्या बाजूला उभं राहून."

"तुम्हाला तिनं सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? सासरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता."

"मग हे तुम्ही या लोखंडाच्या तुकड्यावरून सांगताय."

"हो."

"जशीबेनच्या मुलीचं पण सांगितलं होतं तुम्ही."

हे मी बोललो. त्यांची मान लाल झाली.

"तेव्हा चुकलो," ते म्हणाले. "तेव्हा मी थरथरणारा हात बघितला आणि अक्कल पाजळली. इथे मी अक्कल पाजळत नाहीये. साहेब, आत्तापर्यंत दोरा तुटतोय. पुढे सुई तुटणार. चालू मशीनची सुई तुटली की तुकडा कुठे उडेल ते कुणाला सांगता येत नाही. आणि ती पोरगी वाकून शिवते. तुम्ही सेक्रेटरी आहात, तुमचा त्यांच्याकडे राबता आहे. तुम्ही बोला."

"बघतो," मी म्हटलं.

"बघू नका. बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना मी थोरल्या प्रधानांपाशी विषय काढला. कसा काढला तेही सांगतो. हसत हसत काढला. "आमचे जाधव म्हणतात, सूनबाईंच्या मशीनवर कुणीतरी राग काढतंय." प्रधान चालता चालता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी ते पाहिलं, नीट पाहिलं.

"दिघे," ते म्हणाले, "तो माणूस तिच्या बाजूला खुर्ची टाकून तासतासभर तिच्या हातांकडे बघत बसतो. घरात मी असतो म्हणून ठीक. आता वर घरच्या गोष्टी सोसायटीत सांगतोय. त्याला बंद करा. नाहीतर नितीन त्याच्या पद्धतीनं बंद करेल, मग मला बोलू नका."

त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की काही महिला सभासदांच्या तक्रारीवरून शिवणमशीन दुरुस्त करणारे श्री. जाधव यांना फाटकातून आत सोडलं जाणार नाही.

महिला सभासदांची तक्रार नव्हती. एकही नव्हती. जशीबेनसुद्धा मला येऊन म्हणाल्या, "भाई, में तो कंई कह्युं नथी." मी त्यांना म्हटलं, असू द्या, काळजी घेतलेली बरी. मला वाटलं होतं की थोडे दिवस सगळं शांत झालं की मी तो नियम मागे घेईन. नियम करणं सोपं असतं. तो मागे घ्यायचा तर कारण सांगावं लागतं.

संदेश सोसायटीच्या बाहेर जायला वेळ लागला नाही. आजूबाजूच्या सोसायट्यांनीही मानसिंगरावांना बोलावणं बंद केलं. "बायकांच्या तक्रारी" या दोन शब्दांत काय काय मावतं ते लोकांना बरोबर कळतं. मानसिंगरावांनी मला एकदा फोन केला. नाव वगैरे काही नाही, एवढंच विचारलं, "बोललात?"

"बोललो."

"मग?"

मी म्हटलं, "त्यांचं घरचं आहे, ते बघतील." फोन बंद झाला.

नवरात्र जवळ आली होती. भिंतीपलीकडे मशीन दिवसभर चालत असे. एका दुपारी आवाज तुटला आणि त्यामागून मेघनाची किंकाळी आली. सुनंदा धावत गेली. मीही गेलो. मशीनवर अर्धी शिवलेली चोळी होती, डाव्या बाजूला फाटत गेलेली. सुईचा वरचा अर्धा भाग जागेवर होता. मेघना जमिनीवर बसली होती, दोन्ही हातांनी डावा डोळा झाकून. नितीन, त्या दिवशी घरी असलेला नितीन, गाडीची किल्ली शोधत होता. थोरले प्रधान माझ्याकडे बघून म्हणाले, "सुई उडाली. त्या जाधवानं काय करून ठेवलं होतं कोण जाणे."

डोळा वाचला नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विषय काढला. प्रधानांनी तेच सांगितलं. दुरुस्तीत खोट होती, म्हणूनच आपण त्या माणसाला बंद केलं होतं ना, दिघे? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो, काहीतरी राहिलं असावं त्याच्या हातून." त्या क्षणी ते मोडलेलं शटल माझ्या टेबलाच्या खणात होतं. हकिगत निघाली ती इथून. बेसण्याला मागे बसलेल्या माणसापर्यंत ती पोचायला वर्षं लागली असतील, पण निघाली माझ्या तोंडून.

त्यानंतर मानसिंगराव मला निजामपुऱ्याच्या भाजी बाजारात भेटले. मी वळून दुसरीकडे जायला निघालो, तर त्यांनी मोठ्यांदा हाक मारली. आवाज अजून तसाच होता. मला वाटलं, आता चारचौघांत माझी काढतील. जवळ आले, हातात मेथीची जुडी.

"कुठला डोळा?"

"डावा."

त्यांनी मान हलवली. "बाजूनं ओढलं. समोरून ओढलं असतं तर कपाळावर निभावलं असतं." हे खरं की त्यांची नेहमीची फुशारकी, मला अजून कळलेलं नाही. पण बोलताना त्यांचा डावा हात हवेत कापड धरल्यासारखा झाला होता.

"जाधव," मी म्हटलं, "ग्रुपवरचं ते मी काढून टाकीन."

"माझं राहू द्या हो. ती अजून त्याच घरात आहे का?"

"आहे."

"शिवते?"

"नाही. मशीन झाकून ठेवलंय."

"मग आता तो काय ओढतो?" ते म्हणाले.

मी ते काढून टाकलं नाही. आज काढू, उद्या काढू करत राहिलो. काढलं की कुणीतरी विचारलं असतं, का काढलं.

यापुढचं, म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते.

हिवाळ्यातली संध्याकाळ होती. दिवे लागायची वेळ. मी गॅलरीत उभा होतो. फाटकाबाहेर त्यांची स्कूटर उभी राहिली. हॉर्न वाजवला नाही. उतरले, खांद्यावर कापडी पिशवी. वॉचमनने अडवलं.

"काका, आपको अंदर छोडने का नहीं है. सेक्रेटरी साहेबका ऑर्डर है."

"मला माहीत आहे ऑर्डर. प्रधानांच्या सूनबाईंनी फोन करून बोलावलंय. पूछो उनको."

मशीन तर झाकून ठेवलेलं, तेव्हा हे बोलावणं दुरुस्तीसाठी नसणार. वॉचमनने वर माझ्याकडे पाहिलं. मानसिंगरावांनीही पाहिलं. मला फक्त हात हलवायचा होता. मी तो हलवणारही होतो, असं मला वाटतं. इतक्यात नितीनची गाडी आली आणि फाटकासमोर थांबली. काच खाली झाली.

"आ कोण छे?"

वॉचमन तोंड उघडणार तेवढ्यात मानसिंगराव पुढे झाले. "नमस्कार. दिघेसाहेबांकडे आलोय. त्यांच्या घरचं मशीन बिघडलंय. त्यांनीच बोलावलं."

मेघनाचं नाव त्यांनी घेतलं नाही. बोलताना माझ्याकडे बघतही नव्हते, इतकं ते सहज म्हणाले. आपण सांगू ते हा माणूस निदान एवढ्यापुरतं खरं करेल, असं ते धरून चालले होते.

नितीनने गाडीतून डोकं बाहेर काढलं. "काका, तुम्ही बोलावलंत यांना?"

माझी बायको घरात होती. आमचं मशीन खिडकीपाशी होतं. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हटलं, "नाही. मी नाही बोलावलं."

नितीनने मान वळवून स्वतःच्या घराच्या वरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे दिवा लागलेला होता. काच वर गेली, वॉचमनने सलाम ठोकला, गाडी आत आली.

मानसिंगराव गेले नाहीत. स्कूटर त्यांनी बाजूला भिंतीशी लावली, फाटकासमोरच्या फुटपाथवर पिशवीतली अवजारं मांडायची चादर अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. वॉचमन त्यांना निघून जायला समजावत होता, "काका, जाव ने हवे." ते चढ्या आवाजात म्हणाले, सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल इतक्या, "रस्तो सरकारी छे, भाई! इथे बसायला कुणाच्या सेक्रेटरीची परवानगी लागत नाही." जशीबेनच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. आणखी दोन दारं उघडली. ते कुणाकडे बघत नव्हते. पिशवी मांडीवर धरून, पाठ ताठ ठेवून, ते प्रधानांच्या बंद दाराकडे तोंड करून बसले होते. मशीनपाशी खुर्ची ओढून बसायचे तसेच; कुणी बघत बसलंय म्हटल्यावर कापड ओढलं जात नाही, हे त्यांना माहीत होतं.

मी आत आलो आणि पडदा ओढून घेतला.